डाव्या बटणावरचा दोरा

कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला देणं हे माझं काम. शिकलो सिल्लोडच्या शाळेत. घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे वयानं मोठी माणसं ‘सर’ म्हणून माझं ऐकून घेतात, याचं अजून अप्रूप वाटतं. पण खरा सल्ला किती अंगावर येतो, ते बिडकीनजवळच्या एका शेडमध्ये कळलं.

तिथं एक जुना प्रेस होता. पत्र्यावर वरून साचा आदळायचा आणि पत्रा वाकायचा. दोन हातांसाठी दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली यावा, म्हणजे हात आत सापडणार नाहीत. पण डाव्या बटणावर लाल दोऱ्याचे वेढेच वेढे होते.

“खंडेनवमीच्या पूजेचा हाय, सर,” मालक म्हणाले. “तुम्ही सांगाल ते करू, पण देवाचं काढायला सांगू नका.”

मी बोटानं चाचपलं. दोऱ्याखाली बटण कायमचं दाबलेलं होतं. ऑपरेटर उजव्या हातानं प्रेस चालवत होता आणि डावा हात साच्याखाली घालून पत्रा धरत होता. मी ते सगळ्यांसमोरच सांगितलं.

मालकांनी ऑपरेटरच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो पत्र्याच्या ढिगावर पडला. भुवई फाटली.

“देवाच्या नावानं फसवतो व्हय, हरामखोर?” मालकांनी त्याला कॉलरला धरून उठवलं, त्याचं मनगट साच्याखाली कोंबलं आणि स्वतःचा अंगठा उजव्या बटणाकडं नेला. “घाल हात! लई हौस हाय ना?”

“मालक, लेकरं हायती!”

मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मशीन थंड झालं. मालकांचा कोपर माझ्या तोंडावर बसला आणि ओठ दातात सापडला.

“हवं तर हाकला याला,” मी रक्त थुंकत म्हणालो. “उद्या दुसरा येईल, तोही दोरा बांधील. एकदा तुम्ही स्वतः मशीनवर बसून बघा.”

त्यांनी ब्लेडनं दोरा कापला, मेन स्विच परत चालू केला आणि रागारागानं दोन्ही बटणं दाबली. साचा आदळला. कुणीच न धरलेला पत्रा सुऱ्यासारखा उडाला आणि त्यांच्या दंडाला चिरत गेला. शर्टाची बाही लाल झाली.

त्यांनी दंड दाबून धरला. “मंग धरायचा कशानं?”

“पत्रा धरायला मशीनलाच पकड बसवायची.”

“अन् हा?”

“हाच चालवील. पकड कुठं हवी, तेही याला विचारूनच ठरवू.”

पकड बसली. चाचणीच्या दिवशी ऑपरेटर भुवईला टाके घेऊन आला. त्यानं पत्रा पकडीत अडकवला, दोन्ही बटणांवर हात ठेवले आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकांकडं पाहिलं.

“मालक, जरा लांब उभं ऱ्हा. दोन्ही हात गुंतलेत. आता मारलं तर आडवायला हात नाय.”

मालक चार पावलं मागं गेले, तेव्हा त्यानं बटणं दाबली.