हार कोणी काढायचा?

सोमवार : बचावबोटीची मोटर दोरी ओढूनही फिरेना, जबाबदार बोटप्रमुख. मंगळवार : अभियंत्यांनी काठावरूनच 'इंजिन जाम' असा शेरा मारला, जबाबदार अभियंता. बुधवार : पुरात होडी उलटलेला मच्छीमार तीन तास बाभळीला लटकला, जबाबदार अर्थातच कोणी नाही.

गुरुवारी एमआयडीसीतला एक यंत्रमाग-फिटर सायकलवरून आला. गिअर न्यूट्रलला आणून त्याने दोरी ओढली, ती अलगद आली. गिअर टाकताच अडली. तो वाकला आणि पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याला करकचून गुंडाळलेला खंडेनवमीचा हार त्याने कापून काढून बोटप्रमुखांपुढे धरला.

"काका, इंजिन बरं हाय की. पूजा समद्यांनी केली, हार काढायला सायबाची सही लागती व्हय?"

हाताचे एकेक बोट पुसून तो गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर बोटप्रमुखांनी त्या मच्छीमारासमोर, जाहीरपणे द्यावे.