शनिवारची शिकवणी

फोन सुनेनं घेतला. मी ओसरीवर वांग्याच्या रोपांच्या जुड्या बांधत बसलो होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मामाजी, जळगाव जामोदहून फोन आहे. शालिग्राम मास्तर गेले म्हणतात." मी मान वर न करता म्हणालो, "कोण मास्तर? मी कोण्या मास्तरले ओळखत नाही." ती फोन हातात धरून तशीच उभी राह्यली. मग डोक्यात उजेड पडला... शाल्या. जगासाठी तो साठ वर्षं मास्तर होता, माझ्यासाठी शाल्याच. मीच त्याला माझ्यापुरता मास्तर होऊ दिलं नव्हतं. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस. लोकांच्या दुकानांची नावं लिहिण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या मनातलं कागदावर कधी लिहिलं नाही. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, आणि नाही घेतलं तरी माझी काही तक्रार नाही.

आम्ही दोघंही अमडापूरचे. घरं एका गल्लीत, वय एक. माझ्या बापाचा भाजीपाल्याचा मळा होता, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि हातात खुरपं आलं. पण मला अक्षरांचा नाद होता. बैलगाडीच्या साट्याच्या फळीवर नाव काढ, पिठाच्या गिरणीवर पाटी लिही, असं करत मी विशीच्या आतच गावचा पेंटर झालो. शाल्या मात्र पुढं शिकला आणि खामगावला चित्रकलेच्या वर्गात गेला. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा. सरकारी पाट्यांवरचं 'मुंबई राज्य' पुसून 'महाराष्ट्र राज्य' लिहायचं काम निघालं, आणि आमच्याकडच्या एका कचेरीची पाटी माझ्याकडं आली. 'राज्य' खालच्या ओळीत होतंच, मी कुंचला उचलला आणि वरच्या ओळीत डावीकडून जोरात सुरुवात केली. 'महा' झाला बैलाएवढा. 'रा'ला जरा अंग चोरावं लागलं. राहिलेलं जोडाक्षर पाटीच्या पार कडेला, खिळ्याच्या डोक्यावर चढवून बसवलं. मला तरी ती पाटी झकास वाटत होती.

शनिवारी शाळा-वर्ग अर्ध्या दिवसाचे. शाल्या दुपारच्या एसटीनं खामगावहून यायचा, काखेत कागदाची सुरळी घेऊन. त्या शनिवारी उतरला तो पाटीसमोरच थांबला.

"नाम्या," तो म्हणाला, "तुहा महाराष्ट्र पाटीवरून खाली उतरून राह्यला बे. धर त्याले."

"तू लिहून दाखव मंग. वर्गात बसून हसणं सोपं आहे."

"लिहीन नंतर. तू आधी मोजलं काय? मुंबईच्या जागेत महाराष्ट्र बसवतं, त्याले जागा किती लागते ते पाह्यलं काय?"

मी मोजलं नव्हतं. पण ते कबूल करायची मला लहानपणापासून सवय नाही. मी म्हणालो, मोजत बसतो तो वाणी, आपण कलाकार. तो सुरळी सावरत घरी गेला. संध्याकाळी मळ्यात आला, चुलीतला कोळसा घेतला आणि विहिरीच्या कट्ट्यावर एक उभी रेघ मारली. म्हणाला, हा मधला भाग, आता इथून दोन्हीकडं अक्षरं सरकव. तिथून आमचं सुरू झालं. दर शनिवारी तो वर्गात शिकून यायचा आणि जे शिकला ते कोळशानं कट्ट्यावर काढायचा. मग बादलीभर पाणी ओतलं की कट्टा कोरा. अक्षर काढतो तसं दोन अक्षरांमधलं मोकळंही काढावं लागतं, हे मला तिथं कळलं. डोळे अर्धे मिटून पाह्यलं की पाटीचं कोणतं अंग जड झालं ते लगेच दिसतं. तीन रंग सारख्याच जोरानं लावले तर सभेत सगळे एकदम बोलल्यासारखं होतं, कोणाचंच ऐकू येत नाही. हे सगळं त्याचं. पण मी पहिल्याच दिवशी अट घातली होती. "हे शिकवणं नाही हं शाल्या. दोघं बसून बोलून राह्यलो, एवढंच." तो म्हणाला, "हाव बाप्पा, बोलूनच राह्यलो. आता कोळसा धर नीट."

पुढच्या हिवाळ्यात गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. खेळाआधी दुकानांच्या जाहिराती दाखवायच्या, त्या काचेच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर रंगवलेल्या असत. आमच्या कापडवाल्या शेठजींनी एक काच मला दिली. शाल्या म्हणाला, थांब, वर्गात विचारून येतो. मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? काच काय आणि पाटी काय." आणि पाटीचाच रंग काढला, जाड, चांगला चकाकणारा. लाल लुगड्यातली बाई, पिवळ्या अक्षरांत दुकानाचं नाव, चारी कोपऱ्यांत हिरव्या वेली. हातात धरली तर दागिन्यासारखी दिसायची ती काच. शेठजी खूश. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत सहकुटुंब येऊन बसले. पडद्यावर उजेड पडला आणि माझी काच आली... सगळं काळं. बाई काळी, नाव काळं, वेली काळ्या. शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखं दिसलं. मागून कोणी ओरडलं, "शेठजी, दुकान जळालं काय हो?" दुसरा म्हणाला, "अमावस्येलेच उघडते वाटते!" सगळा तंबू हसला. शेठजींनी मागं वळून मला शोधलं, तेव्हा मी खाली वाकून चप्पल शोधायचं सोंग करत होतो.

शाल्या माझ्या बाजूलाच होता. सगळ्यांत तोच तेवढा हसला नाही. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हस की आता." तर म्हणाला, "काऊन हसू? मलेही ठावं नव्हतं." दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात हजर. ती काच त्यानं सूर्यासमोर धरली, मग आडवी धरली, पुन्हा उभी. किती वेळ पाहत होता. मग म्हणाला, "नाम्या, पाटीवर उजेड वरून पडते. इथं तो मागून येते. तुह्या रंगातून तो पार होत नाही, म्हणून सगळं काळं." त्यानं कंदिलाच्या ज्योतीवर दुसरी काच धरून काजळी धरवली, बाभळीचा काटा घेतला आणि काजळीत दुकानाचं नाव कोरलं. काच पुन्हा सूर्यासमोर धरली तर नाव नुसतं झळकत होतं. "जे झाकशील ते काळं, जे सोडशील ते दिसते," तो म्हणाला. मी तसं कधी बोललो नाही, पण त्या वाक्यावर मी पुढची पन्नास वर्षं पोट भरलं. ती कोरलेली काच मी शेठजींना नेऊन दिली. पडद्यावर नाव आलं तेव्हा तंबूत कोणी हसलं नाही. शेठजी उठून उभे राह्यले आणि सगळ्यांना दिसेल असं माझ्याकडं बोट केलं. काच शाल्यानं केली होती. मी हात जोडले.

त्यानंतर चिखलीपर्यंतची कामं यायला लागली. एकदा एसटी स्टँडवर मी नवी पाटी लावली होती. चहावाल्यानं ती पाहून विचारलं, "पेंटर, असं अक्षर कोणापाशी शिकले हो तुम्ही?" शाल्या माझ्या बाजूला उभा, हातात बशी. मी म्हणालो, "कोणापाशी नाही. आपल्या हातानंच शिकलो." शाल्यानं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि चहावाल्याला म्हणाला, "हाव, हात चांगलाच आहे याचा." एवढंच. पुढच्या शनिवारीही तो मळ्यात आला, पण कोळसा उचलला नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि गेला. मग शनिवार चुकत गेले. त्याला जळगाव जामोदला शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं, तो तिकडचाच झाला. जिल्हा एकच, पण तो सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मी इकडं. लग्नकार्यात भेट व्हायची. तो माझ्या पाट्यांबद्दल अवाक्षर काढायचा नाही. मीही विचारलं नाही, आणि इथं हा हट्ट माझाच. एक शब्द टाकला असता तर... नाही टाकला.

दोन वर्षांपूर्वी तो अमडापूरला आला होता. माझ्या दारावर मी नातवाचं नाव लिहिलं होतं. त्याची नजर अधू झालेली, तरी डोळे अर्धे मिटून पाहत राह्यला आणि म्हणाला, "नाम्या, तो शेवटचा 'श' जरा डावीकडं घे. एकटा पडला." मी म्हणालो, "आता म्हातारपणी तू शिकवू नको मले." तो खो खो हसला. जाताना म्हणाला, "शिकवत नाही बे. बोलून राह्यलो." ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं-चालणं.

तेराव्यानंतर त्याच्या शाळेनं सभा ठेवली, चित्रकलेच्याच खोलीत. मी खामगावला गाडी बदलून गेलो. ओळखीचं कोणी नव्हतं. भिंतींवर पोरांची चित्रं, समोर त्याचा फोटो, मी मधल्या रांगेत एकटा. बरेच जण बोलले. मग चाळिशीची एक बाई उठली. बसस्टँडजवळ तिचं दुकान आहे, कॉम्प्युटरवर चित्रं आणि बॅनर करते. ती म्हणाली, "मी सरांची विद्यार्थिनी. पण रिटायर होऊन बारा वर्षं झाल्यावर सर माझ्या दुकानात आले अन् म्हणाले, मले हे पडद्यावर चित्र काढणं शिकव. सहा महिने रोज येत. माऊस हातात थरथरायचा, सरळ रेघ वाकडी जायची. मी ओरडलेही त्यांच्यावर. तर म्हणत, मॅडम, चुकलं, पुन्हा दाखवा." लोक हसले. ती पुढं म्हणाली, "रंग मात्र मला सांगावे नाही लागले. इथं उजेड मागून येतो, रंग तसा धरावा लागतो, हे त्यांना पहिल्या दिवशीच माहीत. मी विचारलं, सर, कुठं शिकले? तर म्हणाले, अमडापूरले माझा एक दोस्त आहे, पेंटर. त्याच्यापासून शिकलो."

मी मांडीवरचे हात पाहत राह्यलो. साऱ्या तंबूसमोर काळी पडलेली काच माझी, आणि हा माणूस ते माझं शिकवणं म्हणून सांगत फिरला. सत्तरीत स्वतःच्या विद्यार्थिनीला मॅडम म्हणाला. आणि मी एका चहावाल्यासमोर...

शेवटी हेडमास्तर म्हणाले, "इथं सरांचे जे जे विद्यार्थी असतील, त्यांनी दोन मिनिटं उभं राहावं." खुर्च्या सरकल्या. पांढऱ्या केसांचे लोक उठले, लेकराला कडेवर घेतलेली एक बाई उठली, ती कॉम्प्युटरवाली उठली. माझ्या रांगेत सगळे उभे. मी गुडघ्यावर हात ठेवले, जोर लावला... आणि बसून राह्यलो. शेजारच्यानं मागाहून हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही सरांचे कोण?" तोंडातून तेच निघालं, "दोस्त." खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं.

सभा संपली. चहा झाला, लोक पांगले. मी फोटोसमोर तसाच बसलो होतो. हारातली फुलं मान टाकत होती. शिपाई खुर्च्या उचलून एकावर एक रचायला लागला. सगळ्यात शेवटी माझी रांग आली तेव्हा मी उठलो. कशाला न धरता, हात खाली सोडून, शाळेत उभे राहतात तसा ताठ उभा राह्यलो, शाल्याच्या फोटोकडं पाहत.

शिपाई म्हणाला, "बरं झालं उठले बाबा, तेवढीच एक राह्यली होती." आणि माझ्या मागची खुर्ची घेऊन गेला.