डोळ्यात काय घातलं?

लग्नाला चारच महिने झालेत, पण एकाच उत्तराचा माझ्याकडे केवढा साठा झालाय! आमचे हे जनावरांचे डॉक्टर. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, केसपेपर लिहायला मी. डोळा आलेलं कुत्रं आलं की मी विचारते, "डोळ्यात काय घातलं?" उत्तर ठरलेलं, "काहीच न्हाय."

परवा एका काकांच्या कुत्र्याच्या पापण्या पिवळ्याधमक होत्या. हळद का, विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "वाऱ्यानं गेली आसंल."

एका गुरुजींनी मात्र सात दिवस ड्रॉप्स घातल्याचं सांगितलं, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. पुरावा म्हणून बाटली टेबलावर ठेवली. सील तसंच होतं.

मग आमच्याच कुत्र्याचा, सुलतानचा डोळा आला. हिरवट, चिकट पू. यांनी दोन औषधं बदलली, गुण नाही. शेवटी कापसाच्या काडीवर पू घेऊन धाराशिवच्या लॅबला धाडला. रिपोर्टमध्ये औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'रेझिस्टंट', म्हणजे जंतूंवर ते चालत नाही. सासऱ्यांनी विचारलं, "पास झालं का?"

"जंतू पास झाले," हे म्हणाले. "कुणीतरी अर्धवट औषध घालून घालून त्यांना तयार केलंय. आता एकच औषध उरलंय. मध्येच कुणी दुसरं काही घातलं, तर डोळा जाईल."

घरात कुणीच काही घातलं नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सून यायच्या आधी डोळा चांगला हुता."

फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या ड्रॉप्सची एक जुनी बाटली होती, लेबल गेलेली. तिच्यावर मी औषधाच्या पातळीशी पेनानं रेघ मारून ठेवली. दोन दिवसांत औषध रेघेच्या खाली!

तिसऱ्या दिवशी सकाळी परसात डोकावले. सासूबाईंनी सुलतानचं तोंड मांडीवर घेतलेलं. एक थेंब त्याच्या डोळ्यात टाकला, दुसरा स्वतःच्या.

"आत्या, ही बाटली कधीची?"

"आसंल दोन वर्साची. लाल झालं की घालायचं, उतरलं की ठिवून द्यायचं." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "लग्नात होमाच्या धुरानं तुझे डोळे लाल झालते, तवा म्या काय घातलं वाटलं तुला?"

बाटली मी त्याच दिवशी फेकून दिली. सुलतानचा डोळा वाचला.

काल सकाळी माझाच डोळा चिकटला. यांनी बॅटरी धरून पापणी उलटी केली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "डोळ्यात काय घातलं?"

यांच्या मागं, दाराशी, सासूबाई उभ्या होत्या.

"काहीच न्हाय," मी म्हणाले.