खिडकीवरचा माणूस

सरकारी दवाखान्यात शुगरची औषधं फुकट मिळतात, पण ती देणारा खिडकीवरचा माणूस कधी गोड बोलत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवल्याशिवाय नवी देत नाही. "सरकार गोली देती है बाबूजी, खानी तो आपको ही पड़ेगी," हे प्रत्येकाला ऐकवतो.

बायको गेल्यावर तिचं उरलेलं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात घालून मी परत द्यायला गेलो. सवयीप्रमाणे त्यानं बाटली गालाला लावली. "ठंडी है, पर वापस नहीं होती. और आपके खाली पैकेट?"

शुगर मलाही आहे. मी भरलेलीच पाकिटं काढली. ती गेल्यापासून एकही गोळी घेतली नव्हती. म्हटलं, आता काहून खाऊ?

वाटलं, ओरडेल. त्यानं स्वतःचा डबा उघडला आणि अर्धी पोळी खिडकीतून पुढे केली. "पहले ये खाइए." मागं रांग बोंबलून राहिली होती. माझी पोळी संपली, मगच त्यानं गोळी हातावर ठेवली.

गोळी जेवणानंतर घ्यायची, म्हणून मी पोळ्या लाटायला शिकलो. परवा रिकाम्या पाकिटांबरोबर त्याच्यासाठीही एक नेली. "कच्ची है," म्हणाला, आणि सगळी खाल्ली.