नानांनी ओवलेला दोरा

मशीनच्या तेलाचा वास आला, की धुळ्यातलं शिवणाचं दुकान आठवतं. म्हातारे नाना आणि मी, दोघांत एकच मशीन. "कापड ओढू नको रे भाऊ, दाते नेतस त्याले," नाना सांगत. सुईखालचे ते दाते टाक्याटाक्याला कापड पुढे सरकवत.

त्या दुपारी घाईत मी नवरीच्या चोळीचं रेशीम ओढलं. सुई वाकली, कापड फाटलं.

मालक गरजले, "कोणी केलं?"

"नानांना आता दिसत नाही," मी म्हणालो.

मालकांनी नानांना घरी बसायला सांगितलं आणि पाठ फिरवली. जाण्याआधी नानांनी नवी सुई बसवली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. पाहिलं फक्त मी. तेव्हाही गप्पच राहिलो.