खाली घसरलेला नवरदेव

मलकापुरात माझं लग्नपत्रिका जुळवून द्यायचं दुकान आहे. मजकूर मी जुळवते, छापतो कराडचा प्रेसवाला. लग्नसराईत माझं डोकं कायम तापलेलं असतं, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशी नवरदेवाचे चुलते, त्याची आई आणि कवठे महांकाळची नवरी असे तिघं प्रूफ बघायला आले. मजकूर चुलत्यांनी लिहिलेला. त्यात कैलासवासी आजोबा, कैलासवासी वडील, झाडून सगळे काका. आणि खानावळ चालवून ज्या बाईनं पोराला इंजिनिअर केलं, तिचं नाव कुठंच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, विधवा बाईचं नाव आमच्यात पत्रिकेवर घालत नाहीत. ती बिचारी स्टुलावर मान खाली घालून बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मजकूर गिऱ्हाइकाचा.

चुलत्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं आणि त्यांचाही पारा चढला. नवरीचं नाव वर, नवरदेवाचं बोटभर खाली. वरपक्ष खाली म्हणजे पाहुण्यांत काय तोंड दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्याच्या नावाची चौकट वर ओढली, तर खालची ओळ विस्कटली. अक्षर मोठं केलं, तर नाव दोन ओळींत मोडलं. शेवटी ट्यूब पेटली. दोन्ही चौकटींत मजकूर वरखाली मधोमध धरलेला; नवरदेवाच्या नावाखाली नुसते वडील, आजोबा-काका तर तळाशी निमंत्रकांत, आणि आईवडील दोघंही घातल्यामुळं नवरीकडं एक ओळ जास्त. कमी ओळींचा मजकूर मध्यावर बसला की त्यातलं पहिलं नाव खाली येणारच! दोन्हीकडचा मजकूर वरून सुरू केला, तशी नावं एका रेषेत आली. हुश्श!

पण आता नवरदेवाच्या बाजूला तळाशी एक ओळ मोकळी राहिली. चुलत्यांना तीही सलली. आमची बाजू मोकळी दिसाय लागली, कायतरी भरा, म्हणाले.

नवरी शांतपणे म्हणाली, "आईंचं नाव घाला तिथं."

चुलत्यांनी तोंड उघडलं. मोकळ्या ओळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डोळे वटारलेलेच होते. "घाला मग," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की टाईप करताना दोनदा चुकले.

आई उठली, पदरानं चष्मा पुसून पडद्याशी आली. आल्यापासून तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. नाव वाचलं, परत वाचलं.

"ताई," ती म्हणाली, "माझं नाव जरा डावीकडं गेलंय. मधी घ्या की."