मी बदललेले शेवट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नागपूरच्या ताईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही बाबांना ओळखत नाही — म्हणून असेल.

बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. रिटायर झाल्यावर भिलाई-३ मध्येच आम्ही घर बांधलं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून हथखोजच्या कारखान्यातून परतलो की चहा घेऊन मी त्यांच्याजवळ बसायचो आणि मोबाइलवर पुस्तक उघडायचो. इंग्रजी खूनकथा, पण मवाळ — लहानसं गाव, केक विकणारी बाई, तिचं मांजर. खून होतो, पण रक्ताचा थेंब दिसत नाही. बाबांचं इंग्रजी कामापुरतं. म्हणून मी एकेक पान मनात वाचायचो आणि घरच्या मराठीत सांगत जायचो. माझ्या तोंडून येईल तेवढंच त्यांचं पुस्तक.

शेवटचं प्रकरण आलं की ते हात वर करायचे. "थांब. आता मी सांगतो." मग कोण किती वाजता कुठं होता, हे गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगायचे आणि खुनी धरायचे. पहिल्या दोन्ही पुस्तकांत बरोबर धरला.

तुम्हाला वाटेल, मुलाला कौतुक वाटलं असेल. नाही वाटलं. सायकलच्या चाकाचा चिखल पाहून मी ट्यूशनला दांडी मारली हे ओळखणारा माणूस — त्यांचं चुकलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझं मात्र रोज काही ना काही चुकायचं, आणि ते चारचौघांत सांगायचे. डोळे गेले तरी तेच? पान न पान मी वाचत होतो, आणि खुनी मला ओळखता येत नव्हता.

तिसऱ्या पुस्तकात त्यांनी डॉक्टरीणबाईचं नाव घेतलं. पुस्तकातही तीच होती. मी म्हणालो — नाही बाबा, पोस्टमन.

बस, एवढंच. दोन-चार पुरावे आयत्या वेळी रचले. बाबांनी चहाचा कप चाचपत खाली ठेवला. मग म्हणाले, "असं कसं? मले तर…" आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

मग चौथं. पाचवं. सहावं. दर वेळी त्यांचं बरोबर, दर वेळी मी शेवट बदलला. थांबता आलं नसतं का? आलं असतं.

सहाव्यानंतर ते स्वतःच्या हातानं गोळ्या घेईनात. आधी पाकिटं बोटांनी चाचपून घ्यायचे, आता माझ्या बायकोपुढं हात धरायचे, "तूच दे बेटा, माझं काई खरं नाही." संध्याकाळी रेल्वेच्या जुन्या मंडळींत जाऊन बसायचे, तेही सुटलं. एका सकाळी ताईला फोनवर सांगत होते, "डोळे गेले ते गेले, आता डोकंबी जाऊन राहिलं." मी बाजूलाच बुटाची लेस बांधत होतो. बांधली. कामावर गेलो.

सातवं पुस्तक मुद्दाम वेगळं घेतलं. अर्धं जादूचं, अर्धं पोलिसी, मध्येच थोडं प्रेमाचं. राजाची सावली कोणी चोरली याचा तपास. हे जसंच्या तसं सांगायचं, असं ठरवलं होतं. शेवटचं प्रकरण आलं. हात वर झाला नाही. मीच विचारलं, "कोनं चोरली असन, बाबा?" ते अगदी हळू म्हणाले, "दिवे लावणारी बुढी. पण माझं काय खरं."

तीच होती. मी वाचून सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

बाबा हसले. चाचपत माझा हात शोधला, थोपटला. "माझ्यासाठी शेवट बदलला न तू? मले समजते रे. चांगला पोरगा आहे तू."

नाही म्हणालो असतो, तर आधीच्या चार पुस्तकांचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो बाबा."

त्यांनी ते ताईला सांगितलं, शेजाऱ्यांनाही सांगितलं. आत्ता ते पलीकडच्या खोलीत आहेत, जागे आहेत. इथून तिथवर दहा पावलं असतील. लाज वाटायला हवी, हे कळतं — वाटत काहीच नाही. मी उठत नाही.